डोळ्यांवरचा आळ

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा नातू सात वर्षांचा असून दुसऱ्या इयत्तेंत आहे. एके दिवशीं तिन्हीसांजेस आम्हीं त्याला ओसरीवर जवळ बसविलें, पुस्तक उघडून दिलें आणि ‘वाच’ म्हणून सांगितलें. पोरानें ओळीवर बोट ठेविलें, ओठ हलविले, एकदां अंगणाकडे पाहिलें, आणि मग मोठ्या धिटाईनें जें कांहीं म्हटलें तें पुस्तकांत कोठेंच नव्हतें. पानावर पणतीचें चित्र होतें. त्यावरून त्यानें आपल्या मनानें एक वाक्य जुळविलें होतें, आणि खरें सांगावयाचें तर तें पुस्तकांतल्या वाक्याहून सरस होतें. आम्हीं चित्रावर तळहात ठेविला. तेव्हां झरा आटला. ‘दिवा’ ह्या दोन अक्षरांपाशीं तो इतका वेळ अडून राहिला कीं, स्वयंपाकघरांतला भांड्यांचा आवाजहि थांबला. आमच्या सौभाग्यवतींचा कान इकडे लागला हें आम्हीं ओळखलें. शेवटीं तो म्हणाला, “आजोबा, ही काठी आधीं कां आली? ‘द’ तर अजून आलाच नाहीं.”

आम्हीं पस्तीस वर्षें इंदापूर तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतून प्राथमिक शाळेंत शिकविलें, आणि आतां बारामतीस मुलाजवळ राहून पेन्शन खात आहों. ह्या हातानें किती मुलांना वेलांट्या गिरवावयास लाविल्या त्याची गणती नाहीं. पण ऱ्हस्व वेलांटी ही लिहावयाची अक्षराच्या आधीं आणि म्हणावयाची अक्षराच्या मागून, ह्यांत कांहीं विपरीत आहे असें तेवढ्या वर्षांत आमच्या कधीं मनांतहि आलें नव्हतें. नातवाला उत्तर देतां आलें नाहीं. “असेंच असतें,” असें म्हणून आम्हीं पुस्तक मिटलें.

घरांतल्या मंडळींनीं निदान मात्र तात्काळ केलें. पोराचे डोळे अधू आहेत, चष्मा हवा. दुसऱ्याच दिवशीं सूनबाई त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. नंबर निघाला नाहीं. निघणार तरी कोठून? हाच मुलगा थंडीच्या दिवसांत कुंभारगांवास उजनीच्या फुगवट्यावर नेला असतां, आम्हांला जेथें नुसती गुलाबी रेघ दिसते तेथें रोहित पक्षी किती आहेत तें मोजून सांगतो, आणि त्यांतला पाय दुमडून उभा असलेला कोणता तेंहि सांगतो. ज्याला अर्ध्या कोसावरचा पाय दिसतो त्याला वीतभर अंतरावरची वेलांटी दिसत नाहीं हें संभवत नाहीं. डॉक्टरांनीं तसें स्पष्ट सांगितलें. पण घरांतल्यांचें समाधान झालें नाहीं, आणि आमचेंहि झालें नाहीं. कारण डोळ्यांवर एकदां घेतलेला आळ सहसा मागें घेतला जात नाहीं.

हें आम्ही अनुभवावरून म्हणतों. १९८४ सालीं भीमेकांठच्या एका गांवीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. तोंडी हिशेबांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कथा एकदां ऐकली कीं दुसऱ्या दिवशीं जशीच्या तशी सांगे. पण पुस्तक हातीं दिलें कीं ओळीच्या सुरुवातीलाच त्याची गाडी चिखलांत रुते. आम्हीं त्याला आळशी ठरविलें. पुढें लबाड ठरविलें, कारण इतका हुशार मुलगा वाचीत नाहीं म्हणजे वाचावयाचें टाळतो, हें आमचें तर्कशास्त्र. “डोळे फुटले काय रे तुझे?” हें वाक्य आमच्या तोंडीं इतकें बसलें होतें कीं, त्याच्यामागोमाग पट्टी आपोआप उचलली जाई. एकदां त्याचा बाप शाळेंत आला. त्यालाहि आम्हीं तेंच सांगितलें, जरा सभ्य भाषेंत: “ह्याचे डोळे तपासून आण.” चौथीनंतर तो मुलगा शाळेंत दिसला नाहीं. त्याच्याकडे आम्ही पुढें येऊंच.

नातवाच्या निमित्तानें आम्हीं ह्या विषयावर जें मिळेल तें वाचावयास आरंभ केला, तेव्हां पहिली गोष्ट लक्षांत आली ती ही कीं, हा आळ घेणारे आम्ही कांहीं एकटेच नव्हतों. १८७७ मध्यें कुसमाउल नांवाच्या जर्मन वैद्यानें ह्या विकाराला ‘शब्दांधत्व’ अशा अर्थाचें नांव दिलें. म्हणजे माणूस आंधळा नाहीं, शब्दांपुरता आंधळा. त्याचा विचार मेंदूला इजा झालेल्या मोठ्या माणसांपुरता होता. १८८७ त स्टुटगार्टच्या रुडॉल्फ बर्लिन ह्यांनीं ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घडविला. तो आतां जगभर रूढ झाला आहे. हे बर्लिन नेत्रवैद्य. १८९५ त ह्या विषयाकडे इंग्रज वैद्यांचें लक्ष वेधणारे ग्लासगोचे हिन्शेलवुड, तेहि नेत्रवैद्यच. मूल वाचीत नाहीं म्हणून आईबाप त्याला डोळ्यांच्या वैद्याकडे नेत, म्हणून डोळ्यांच्या वैद्यांना हा रोग सांपडला, आणि त्यांना सांपडला म्हणून तो डोळ्यांचा ठरला!

१८९६ मध्यें इंग्लंडांतल्या सीफर्ड गांवच्या प्रिंगल मॉर्गन नांवाच्या डॉक्टरांनीं पर्सी नांवाच्या चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मापासून मेंदूला कांहींहि इजा नसतां वाचतां न येणाऱ्या मुलाचें तें पहिलें प्रसिद्ध वर्णन होय. मुलगा चलाख, खेळांत पुढें, गणितांत बरा. पण स्वतःचें नांव लिहितांना अक्षरांची अदलाबदल करी. सगळें शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंत पहिला आला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत मॉर्गन ह्यांनीं नोंदविलें आहे. तें वाचतांना आम्ही पुस्तक खालीं ठेवून कांहीं वेळ नुसते बसून राहिलों. सीफर्डच्या त्या शिक्षकाला १८९६ त जें दिसलें तें आम्हांला १९८४ त दिसलें नाहीं, आणि मुलगा तर हुबेहूब तोच होता.

पुढें १९२५ सालीं अमेरिकेंत सॅम्युएल ऑर्टन ह्यांनीं अशा मुलांच्या उलट्यासुलट्या अक्षरांवर बोट ठेविलें, आणि अक्षराची प्रतिमाच मेंदूंत उलटी पडत असावी असें अनुमान बांधलें. आजहि पुष्कळ सुशिक्षित घरांतून हीच समजूत आहे कीं, डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरें उलटीं दिसणें. वास्तविक लहान वयांत सगळींच मुलें थोडींबहुत उलटीं लिहितात. आमच्या आंकड्यांतले ३ आणि ६ पाहा. एक आरशापुढें धरावा तर बव्हंशीं दुसरा दिसावा. गाय उजवीकडे तोंड करून उभी असो कीं डावीकडे, ती गायच; हें डोळ्याला जन्मापासून शिकविलें गेलें आहे, आणि तें शिकणें हिताचेंच आहे. पण सहाव्या वर्षीं एकाएकीं आपण त्याला सांगतों कीं, येथें मात्र तोंड फिरविलें कीं वस्तु बदलते. हा नवा कायदा पचावयास मुलाला वेळ लागतो. ज्याचे ३ आणि ६ सातव्या वर्षीं एकमेकांत मिसळतात तो तेवढ्यावरून रोगी ठरत नाहीं, आणि ज्याचे मिसळत नाहींत तोहि तेवढ्यावरून सुटत नाहीं.

डोळ्यांवरचा आळ पहिल्यानें ढिला केला तो व्हेलुटिनो ह्या अमेरिकन संशोधकानें. त्याची युक्ति आम्हांस फार आवडली. चांगलें वाचणारीं आणि न वाचणारीं, अशा दोन्ही प्रकारच्या मुलांना त्यानें हिब्रू अक्षरें दाखविलीं. तीं दोघांनाहि सारखींच अनोळखी. मग तीं आठवून काढावयास सांगितलें. वाचनांत मागें असलेल्या मुलांनीं तीं दुसऱ्यांइतकींच बरोबर काढिलीं. डोळा आकार नीट घेत नसता तर तो हिब्रू अक्षरांचाहि नीट घेता ना! मग अडचण कोठें आहे? १९७९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ती डोळ्यांतून उचलून भाषेंत नेऊन ठेविली. त्याच सुमारास इसाबेल लीबरमन व त्यांचे सहकारी दाखवीत होते कीं, बोललेल्या शब्दाचे सुटे ध्वनि वेगळे करणें हें लहान मुलाला फार जड जातें, आणि ज्याला तें जड जातें त्याला वाचनहि जड जातें. ह्या मतानें बहुतेकांचें मन जिंकलें, आणि आजहि तेंच मत बळकट आहे.

येथें आम्हांस आमच्या गांवच्या एका जुन्या रहिवाशाची आठवण येते. बाबूजी नाइकांच्या आश्रयानें मोरोपंत बारामतीस राहिले आणि १७९४ सालीं येथेंच वारले. त्यांनीं एकशें आठ रामायणें रचिलीं, त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे: ज्यांच्या उच्चाराला ओठ मिटावे लागतात तीं प, फ, ब, भ, म हीं अक्षरें त्यांत यावयाचीं नाहींत. शाळेंत असतांना आम्ही ह्याला पंतांची कसरत म्हणून हंसत असूं. आतां वाटतें कीं, हा कवि शब्द डोळ्यांनीं पाहत नव्हता, तर ओठ, दांत, टाळू, कंठ ह्यांवर तो चाचपून पाहत होता. शब्दाचे ध्वनि सुटे करून हातांत खेळविण्याची जी शक्ति आमच्या नातवाजवळ कमी आहे ती पंतांजवळ उतूं जात होती, एवढाच फरक.

म्हणून आम्हीं घरांत एक खेळ काढला. जेवणाच्या वेळीं ओठ न मिटतां बोलावयाचें. जो ‘प’ कीं ‘म’ म्हणेल त्यानें पाणी वाढावयाचें. पहिले पंधरा दिवस नातूच पाणी वाढीत होता. एके रात्रीं त्यानें घास हातांत धरूनच विचार केला आणि म्हणाला, “आजीला हाक चालते. तुझ्या नातवाला तुला हाक देतां येत नाहीं!” खरेंच, ‘आजोबा’ ह्या शब्दांत ‘ब’ आहे. आमच्या सौभाग्यवतींना ह्या निकालानें जो आनंद झाला त्याचें वर्णन येथें करीत नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, शब्दांतला एक ध्वनि त्यानें स्वतः कानानें वेगळा काढला तो त्या रात्रीं पहिल्यानें.

मग डोळा अगदींच निर्दोष काय? तसेंहि म्हणवत नाहीं, आणि ह्या वादाचा हाच भाग आम्हांस सर्वांत मनोवेधक वाटतो. १९९१ त हार्वर्डच्या लिव्हिंग्स्टन, गालाबुर्डा आदि संशोधकांनीं डिस्लेक्सिया असलेल्या माणसांचे मेंदू मरणोत्तर तपासले, आणि डोळ्याकडून आलेली खबर जेथून पुढें जाते त्या ठाण्यांतल्या मोठ्या पेशी, म्हणजे हालचाल व झपाट्यानें बदलणारीं दृश्यें टिपणाऱ्या पेशी, आकारानें लहान आढळल्या. २०१० त मेलबर्नचे विद्यासागर आणि त्यांच्या सहकारी पॅमर ह्यांनीं असें मांडलें कीं, वाचतांना लक्षाचा कंदील एका अक्षरावरून दुसऱ्यावर क्रमानें सरकवावा लागतो; हा कंदीलच ज्याचा डगमगतो त्याचें ध्वनींचें ज्ञानहि पुढें कच्चें राहतें. म्हणजे दोष पुन्हां पाहण्याकडे.

परंतु येथें एक साधा प्रश्न आहे. तालमींत न जाणाऱ्याचे दंड बारीक असतात. म्हणून दंड बारीक असल्यामुळें तो तालमींत जात नाहीं, असें कोणी म्हणेल काय? १० वर्षांच्या न वाचणाऱ्या मुलानें तोंवर इतरांच्या मानानें फारच थोडें वाचलेलें असतें. त्याच्या पाहण्यांत जें उणें दिसतें तें कारण कीं परिणाम? २०१३ त अमेरिकेंतल्या गिनिव्हिअर ईडन व त्यांचे सहकारी ह्यांनीं अशा मुलांची तुलना त्यांच्या वयाच्या मुलांशीं न करतां, त्यांच्याइतकेंच वाचतां येणाऱ्या धाकट्या मुलांशीं केली. आणि हालचाल टिपणाऱ्या मेंदूच्या भागांतला फरक नाहींसा झाला. शिवाय वाचन शिकविल्यावर त्या भागाचें काम वाढलें. ह्याहून आमच्या जवळचा पुरावा २०१७ त आला, आणि तो आपल्याच लिपीचा आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या, कधीं शाळेचें तोंड न पाहिलेल्या प्रौढ माणसांना, बहुतेक बायकाच त्या, सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविलें आणि आधीं व नंतर त्यांच्या मेंदूचे फोटो घेतले. मेंदूच्या खोल भागांतलीं, डोळ्यांची खबर पुढें पाठविणारीं ठाणींसुद्धां वाचावयास शिकल्यानें बदललीं होतीं. तीस-चाळीस वर्षांच्या माणसाचें ठाणें सहा महिन्यांच्या वाचनानें बदलतें, तर सात वर्षांच्या मुलाचें न वाचण्यानें तसेंच राहिलें तर त्यांत नवल काय?

असें असलें तरी खटला संपला असें म्हणतां येत नाहीं. २०१२ सालीं इटलींतल्या संशोधकांनीं अक्षरओळखहि न झालेल्या बालकांचें दृष्टीचें अवधान तपासून ठेविलें होतें, आणि पुढें ज्यांना वाचन जड गेलें त्यांतल्या पुष्कळांचें अवधान आधींपासूनच उणें होतें. ह्यावरून एवढें दिसतें कीं, कोंबडी आधीं कीं अंडें आधीं हें ठरवावयाचें तर अक्षराशीं गांठ पडण्यापूर्वींच मुलाला गांठलें पाहिजे. त्यासाठीं मोठ्या शहराची गरज नाहीं. आमच्या दोन्ही तालुक्यांच्या अंगणवाड्यांतून चार-पांच वर्षांचीं मुलें रोज खाऊ खाऊन गाणीं म्हणत असतात. त्यांचे कान आणि डोळे दोन्ही तपासून ठेवून दुसरींत गेल्यावर पुन्हां पाहावें, इतकी ही गोष्ट सरळ आहे. सरळ गोष्टींना वर्षें आणि माणसें लागतात, एवढीच काय ती अडचण.

शिवाय आमच्या लिपीचें स्वतःचें कांहीं ओझें आहे. इंग्रजी मुलाला सव्वीस अक्षरें. आमच्या मुलाला बाराखड्या आणि जोडाक्षरें मिळून शेंकड्यांनीं आकृति. कानडी मुलांवर काम करणाऱ्या सोनाली नाग ह्यांनीं २००७ त दाखविलें कीं, अशा लिपीची सर्व अक्षरें हाताखालीं येण्यास चौथी-पांचवी उजाडते. आणि अक्षरांत सबंध उच्चार एकवटलेला असल्यामुळें त्यांतला सुटा ध्वनि ओळखण्याची जाणहि उशिरां येते. तेव्हां दुसरींतल्या मुलाच्या नांवानें लगेच हंबरडा फोडूं नये. पण वेलांटीविषयीं आमच्या नातवाचा प्रश्न वेडगळ नव्हता. २००२ त वैद आणि गुप्ता ह्यांनीं हिंदी वाचणाऱ्यांना वेगवेगळे शब्द वाचावयास दिले, तेव्हां ज्या शब्दांत ऱ्हस्व वेलांटी आधीं दिसते व मागून म्हणावी लागते ते म्हणावयास अधिक वेळ लागला. निष्णात वाचकालाहि जेथें क्षणभर थबकावें लागतें तेथें हा पोर मिनिटभर थबकला. आणि रफाराचें काय? ‘धर्म’ म्हणतांना र आधीं म्हणावयाचा आणि पाहावयाचा म्हटलें तर तो ‘म’च्या डोक्यावर बसलेला! आमच्या आजोबांचीं जुनीं मोडी दप्तरें आमच्याजवळ आहेत. आधीं पानभर आडवी रेघ ओढावयाची आणि मग तिला अक्षरें लोंबकळत ठेवावयाचीं. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर बहुधा नाहीं, एकच वेलांटी, आणि तीहि अक्षराच्या उजव्या अंगास. बालबोधीपुढें मोडी गेली तेव्हां तिच्यासाठीं पुष्कळांनीं अश्रु ढाळले. आमच्या नातवाच्या वतीनें दोन अश्रु आम्हीहि ढाळतों.

हें सगळें वाचण्यापूर्वीं आमच्या हातून एक मूर्खपणा झाला तो सांगितला पाहिजे. कोणा परिचितानें सांगितल्यावरून पोराला एका शिबिरांत नेलें. तेथील गृहस्थांनीं दोन्ही डोळ्यांचें एकमत नाहीं असा शेरा देऊन सहा महिन्यांचे डोळ्यांचे व्यायाम आणि पिवळ्या कांचांचा चष्मा दिला, व त्याचें मोल घेतलें. आठ दिवसांनीं नातू म्हणाला, “आजोबा, रोहित पिवळे दिसतात. मला नको.” अशा रंगीत कांचांनीं वा व्यायामांनीं वाचनाचा हा दोष जातो ह्याला पुरेसा आधार नाहीं, असें अमेरिकेंतल्या बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रवैद्यांच्या संस्थांनीं मिळून २००९ सालींच जाहीर केलें होतें. तें आम्हांस पैसे दिल्यानंतर समजलें.

शेवटीं पुण्यास एका जाणत्या बाईंनीं त्याची मराठींतून नीट तपासणी केली. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानें २०१५ त हिंदी, मराठी, कानडी आणि इंग्रजी ह्या भाषांसाठीं ‘डाली’ नांवाची चांचणी सिद्ध केली आहे, म्हणून हें शक्य झालें. नाहींतर पूर्वीं मराठी मुलाचा दोष इंग्रजी शब्दांनीं मोजावयाचा प्रकार होता. कायद्यानें म्हणाल तर महाराष्ट्रांत १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेंत सवलती मिळूं लागल्या, त्याच वर्षीं मुंबईंत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन निघाली, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यांत ह्या दोषाला स्थान मिळालें. मात्र २०१८ सालीं केंद्र शासनानें ज्या सूचना काढल्या त्यांत दाखल्यासाठीं वयाची मर्यादा आठ वर्षांची ठरविली. दाखल्यापुरती ती योग्यहि असेल. पण आठवें वर्ष लागेपर्यंत हात जोडून बसावें असा तिचा अर्थ आईबाप करतात, तो चुकीचा आहे. बाईंनीं आम्हांस सांगितलें तें असें: अक्षरें थोडीं घ्या, क्रमानें घ्या, प्रत्येकाचा ध्वनि तोंडानें म्हणवून, बोटानें गिरवून घ्या, आणि एक पक्कें झाल्यावांचून दुसऱ्याला हात लावूं नका. ऑर्टन ह्यांच्या सहकारी ॲना गिलिंगहॅम ह्यांनीं बसविलेली पद्धत ती हीच. पाटावर बारीक वाळू पसरून तींत आम्ही बसलों तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हीं तर धुळाक्षरें. माझे आजोबा असेच शिकले.” गुण धुळीचा नव्हे, धीराचा असावा, पण नातवाला धूळ आवडते.

आमचें घर दोन पैसे बाळगून आहे, म्हणून पुण्यास जातां आलें. माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर ह्या कारखान्यांच्या ऊंसाला बीडकडून जे तोडणी कामगार येतात त्यांच्या कोप्यांतलीं मुलें दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत स्वतःच्या शाळेला पारखीं असतात. त्यांतल्या एखाद्याला वाचतां आलें नाहीं तर कोणासहि आश्चर्य वाटत नाहीं. शाळाच नव्हती, वाचणार कसें, एवढें म्हटलें कीं झालें. तें बहुतांशीं खरें आहे, आणि शास्त्रहि न शिकविलेल्याला डिस्लेक्सिया म्हणत नाहीं. पण शंभरांत पांच-दहा मुलांत हा दोष असावा असा जो अंदाज देतात, तो कोप्यांच्या दाराशीं येऊन थांबत नसेल. तेथें हा दोष असूनहि दिसावयाचा नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें पस्तीस वर्षें असून दिसला नाहीं, मग ज्यांच्यापुढें मूल चार महिनेच असतें त्या शिक्षकांना काय बोल लावावा?

आतां त्या १९८४ सालच्या मुलाकडे येतों. ह्या फाल्गुनांत विहिरीवरची मोटर जळाली. ती उचलावयास जो मिस्त्री आला तो पन्नाशीकडे झुकलेला, केंस पिकलेले. त्यानें आम्हांस पाहतांच वाकून नमस्कार केला, आणि तेव्हां आम्हीं त्याला ओळखलें. त्याचें मोटरी भरण्याचें दुकान आहे, हाताखालीं दोन पोरें आहेत. तारेचे वेढे तो मोजून नव्हे, हातानें चाचपून सांगतो. काम झाल्यावर त्यानें बिलाचें पुस्तक काढलें, आणि तें बरोबरच्या पोराकडे दिलें. आम्हीं न राहवून विचारलें, “अजून जमत नाहीं का रे?”

तो हंसला. “नाय गुरुजी. तुम्हीच म्हनला व्हता न्हवं, डोळं तपासून आन. आमच्या बापानं तवा इंदापूरला नेलं व्हतं. डागतर म्हनला, काय न्हाय. पर हायच की कायतरी. अक्षरं नीट ध्यानातच येत न्हाईत. डोळंच तसलं माझं.”

चाळीस वर्षें हा मनुष्य आपल्या डोळ्यांना दोष देत आला आहे, आणि त्याच डोळ्यांनीं केंसाएवढ्या तारेचा तुटलेला धागा शोधीत आला आहे. आम्हीं त्याला म्हटलें, “तुझे डोळे चांगले आहेत. तेव्हांहि चांगलेच होते. मला कळलें नाहीं.” हें वाक्य बोलावयास आम्हांस वाटलें होतें त्याहून अधिक वेळ लागला. त्यानें मान हलविली. पटलें कीं केवळ मास्तरांचा मान राखला तें समजलें नाहीं. मग पोराला मोटर टेंपोंत ठेवावयास सांगून तो जरा घुटमळला.

“गुरुजी, धाकटी पोरगी हाय तिसरीला. तिचं बी असंच हाय. बाईनं सांगितलं म्हनून डोळं दावलं. नंबर न्हाय.”

आईबापांपैकीं एकाला हा दोष असला तर मुलांत उतरण्याचा संभव पुष्कळ वाढतो, हें आम्हीं वाचलेलें होतें. तें त्याला सांगितलें नाहीं. “रविवारीं सकाळीं घेऊन ये,” एवढेंच म्हटलें.

ती येते. बापाच्या स्कूटरवर पुढें उभी राहून येते, आणि वाळूच्या पाटाच्या एका अंगाला ती, दुसऱ्याला आमचा नातू, असा वर्ग भरतो. ओठ न मिटतां बोलण्याच्या खेळांत तिनें पहिल्याच रविवारीं नातवाला दोनदां पाणी आणावयास लाविलें. ‘दि’ अजून दोघांनाहि नीट साधलेला नाहीं. काठी आधीं काढावी कीं ‘द’ आधीं, ह्यावर त्यांचा वाद चालतो, आणि न्याय मागावयास दोघें आमच्याकडे येतात. गेल्या रविवारीं तिनें आम्हांस विचारलें, “गुरुजी, आधी म्हणायचं तेच आधी का नाही लिहीत?” आम्हीं तिला मोडीचें एक जुनें पान आणून दाखविलें. दोघेंहि त्यावर ओणवीं होऊन बराच वेळ वेलांट्या शोधीत होतीं.